राईत लोखंड नेत नाहीत

१ जानेवारी १९५६, रविवार

ह्यांना गिरणीतल्या घडी खात्याच्या कारकुनाने नव्या वर्षाची डायरी दिली. ह्यांना लिहायला काही नसतं, म्हणून ती माझ्याकडे आली. मी हेळवणच्या शाळेत सहावी पास झाले, त्या विद्येचा उपयोग आजवर पोस्टकार्डापलीकडे झालेला नाही. आता अधूनमधून दोन ओळी लिहायच्या असं ठरवलंय. नव्याचे नऊ दिवस असतात हे मला माझ्याच कितीतरी गोष्टींवरून ठाऊक आहे, तरी बघू.

येत्या रविवारी घोडपदेवला गावाच्या खोलीवर आमच्या हेळवण ग्रामस्थ मंडळाची पूजा आहे. गावातले एकटे राहणारे गिरणीकामगार त्या खोलीत पथाऱ्या टाकतात, आणि देवाचा फोटो नि मंडळाचं कपाटही तिथेच. हे मंडळाचे चिटणीस. अध्यक्ष रामजी जाबर या आठवड्यात दोनदा आमच्याकडे लालबागला चहाला येऊन गेले. एरवी रस्त्यात भेटले तरी मान हलवत नाहीत. दोन्ही वेळा मी कपबशी घेऊन आले की बोलणं थांबायचं आणि "थंडी काय पडली नाय यंदा" असं काहीतरी निघायचं. पुरुषांच्या गजाली पुरुषांना लखलाभ.

८ जानेवारी, रविवार

पूजा झाली. अंग मोडून आलंय, पण हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

आम्ही बायका गॅलरीत पुऱ्या तळत होतो. आत पुरुष दाटीवाटीने उभे. रामजीभाऊंनी नारळ हातात धरून गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी बाकीच्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बायका म्हणत नाहीत. का म्हणत नाहीत ते कुणी विचारलेलं नाही. त्यात एक फायदा आहे तो आज कळला. जो ओरडत नसतो त्याला ऐकू येतं.

"बा देवा रवळनाथा, बारा वहिवाटीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"तुझी लेकरा पोटासाठी ह्या मुंबैत येवन रवली, तेंची राखण कर रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"गिरणीत कोणाच्या हातापायाक इजा होव नको रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या देवळार कौला चढवूचा काम लेकरांनी मनात घेतला हा, तेका लागतली ती झाडा तुझ्या राईतसून काढूक तुझो हुकूम आसा रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

माझ्या कढईतली पुरी काळी झाली. शेजारी पीठ मळणाऱ्या रमाबाईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तोवर आत पोराबाळांच्या सुखाचं मागणं आलं होतं आणि त्यालाही व्हय झालं होतं. ह्यांचा आवाज मी त्या गलक्यातही ओळखला. शेवटचा "जा" हे जरा लांबवतात.

मी झारा हातात घेऊन उभी राहिले. तसंच आत जावं असं एकदा आलं मनात. पण भरल्या पूजेत बाईने काय बोलायचं, आणि काय म्हणून बोलायचं? मग नारळ फुटला, आणि पंगत मांडायची घाई झाली.

९ जानेवारी, सोमवार

ह्यांना विचारलं. म्हणाले, "रामजीभाऊ असा म्हणालो? माका काय आठवणा नाय. कढईच्या आवाजात तुका काय ऐकूक येतला?"

मी शब्द न् शब्द म्हणून दाखवला. तेव्हा म्हणाले, "आणि म्हटल्यान तरी देवाच्याच देवळाक ना? आपल्या घराक वासे नेतत काय?" मग तालुक्याचा एक लाकूडवाला देवळावर मंगळुरी कौलं घालून देणार, पुढे पडवी काढणार आणि बदल्यात राईतलं उरलेलं लाकूड नेणार, दारात संगमरवरी पाटी लागणार आणि तिच्यावर अध्यक्षांच्या खाली चिटणिसाचंही नाव येणार, असं सगळं सांगत सुटले. गाऱ्हाणं नीट ऐकूच आलं नाही म्हणणाऱ्या माणसाला एवढं कुठून कळलं, हे विचारायचं वाढण्याच्या गडबडीत राहून गेलं. काल पंगतीत बोलणं झालं असेल.

"देवळाला फार तर चार वासे लागतील," मी म्हटलं. "उरलेलं म्हणजे किती?"

"उरलेला म्हणजे उरलेला," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

राई म्हणजे काय हे ह्यांना मी सांगायला हवं का? हे त्याच गावचे. पण ह्यांचं घर खालच्या वाडीत आणि आईचं राईच्या बांधाला लागून, एवढा फरक आहे. राईत लोखंड नेत नाहीत. विळा नाही, कोयता नाही. आई आत जाताना कनवटीची किल्लीसुद्धा बांधावर दगडाखाली ठेवायची. हाताने तुटेल तेवढंच न्यायचं, तेही मागून. पडलेलं झाड पडल्या जागी कुजू द्यायचं. बाळंतिणीच्या काढ्याला साल हवी असली तर आदल्या दिवशी झाडापाशी तांदूळ ठेवून सांगून यायचं, आणि दुसऱ्या दिवशी दगडाने खरवडून आणायची. लहानपणी मला वाटायचं देवाला लोखंडाची भीती वाटते. आता वाटतं, ज्याने हा नियम घातला त्याला माणसाची भीती वाटत असणार.

म्हणून तर आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी आमच्या राईत भर दुपारी सावली, खालची झर चैत्रातही वाहती, आणि सुरंगी अजून उभी आहे. रवळनाथाला सुरंगीच्या फुलांचा वळेसर गुंफून घालायचा मान आईचा. देवाला घालून उरलेली फुलं बाजारात नेऊन तिने मला वाढवलं. बाबा गेले तेव्हा दीर-जावांनी पाठ फिरवली, झाडांनी नाही. मी इकडे ये म्हणाले तरी ती येत नाही ती त्याचमुळे.

मला फार भीती वाटते आहे. कुणाला सांगू? ह्यांनाच सांगायचं, तर आपलेच दात आणि आपलेच ओठ.

११ जानेवारी, बुधवार

गावाच्या खोलीवर राहणारा दगडू उद्याच्या बोटीने गावाला निघालाय. रामजीभाऊंनी त्याच्याकडे गावकऱ्यांना निरोप दिला आहे की मुंबईच्या मंडळींनी देवासमोर एका तोंडाने व्हय म्हटलं, आता संक्रांत झाली की कामाला लागा. हे मला रमाबाईकडून कळलं. मागे दिवाळीत हाच विषय निघाला होता आणि गावकरी म्हणाले होते म्हणे, की सगळे मुंबईकर देवापुढे व्हय म्हणत असतील तर आम्ही आड येणार नाही. त्यांना वाटलं असेल, असं कधी होणारच नाही. गाऱ्हाण्याला नाही म्हणायची तिथे सोयच नाही, हे त्या शहाण्यांच्या लक्षात आलं नाही. रामजीभाऊंच्या मात्र बरोबर आलं.

तरी माणूस वाईट आहे असं नाही म्हणवत. कुणाची नोकरी गेली तर हाच धावतो. देवळावर पावसात ताडपत्री धरावी लागते याची त्याला मनापासून लाज वाटते. देवासाठी करतोय अशीच त्याची खात्री असणार, आणि म्हणूनच त्याला अडवणं कठीण.

१४ जानेवारी, शनिवार

आज धीर करून तिळाचे लाडू घेऊन घोडपदेवला गेले. रमाबाईला सोबत घेतलं. खोलीवर दुसऱ्या पाळीची दहाबारा माणसं होती. लाडू खाऊन झाल्यावर मी विचारलं, रविवारी तुम्ही सगळ्यांनी राई देऊन टाकलीत, ती मनापासून का?

एकमेकांची तोंडं बघायला लागले. सीतारामकाका सगळ्यांत मोठे, ते म्हणाले, "असा होता त्या गाऱ्हाण्यात? माका वाटला दरवर्षीचाच."

"मी लक्ष दिलंय नाय. भूक लागलली," दुसरा म्हणाला. कुणी हसलं नाही. प्रत्येकाची आई नाहीतर बायको त्या झरीवर पाणी भरते.

"मग परत घ्या शब्द," मी म्हटलं.

काका म्हणाले, "माणसाक दिललो शब्द परत घेवक येता गो अंबिका. देवाक दिललो गिळलो आणि उद्या गिरणीत साच्यात कोणाचो हात गेलो तर?" चुकून दिला होता, मी म्हटलं. "म्हणान काय झाला? दिलो तर खरो." बराच वेळ असं चाललं. शेवटी ठरलं की मंगळवारी सगळ्यांनी बसायचं, रामजीभाऊंना बोलवायचं आणि देवापुढे नवं गाऱ्हाणं घालायचं, की लेकरांची चूक झाली, एकदा पदरात घे. तसं झालं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी बोटीने जाऊन काम थांबवायचं.

येताना पाय हलके झाले होते. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बगूया." ह्यांचं "बगूया" म्हणजे काय ते लग्नापासून मला कळलेलं नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

कसली बैठक आणि कसलं काय. काल रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला नाही, दिल्लीच्या हाताखाली. सकाळपासून सगळं लालबाग रस्त्यावर आहे. गिरण्या बंद. शेजारची मीनाक्षी, शाळेत शिकवते ती, दारात येऊन म्हणाली, "अंबिकाताई, घरात काय बसलात? चला खाली." गेले.

ती पुढे ओरडायची, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि आम्ही मागून, "झालाच पाहिजे!" माझा घसा बसला. आयुष्यात एवढ्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते. तिथे बायकांनी म्हणायचं नाही असं कुणी सांगितलं नाही. उलट मीनाक्षी म्हणाली, तुमचा आवाज खणखणीत आहे.

घोडपदेवला जाता आलं नाही. पुलापाशी पोलीस उभे आहेत.

२० जानेवारी, शुक्रवार

संचारबंदी. गॅलरीत उभं राहिलं तरी खालून शिट्टी मारतात. परवा नाक्यावर गोळीबार झाला. आमच्या मागच्या चाळीतला एकजण दूध आणायला गेला तो गेला. डोळ्यांत धूर जातो म्हणून सगळ्या बिऱ्हाडांनी दाराला ओली चादर लावली आहे. रात्री थाळ्या वाजवतात, मीही वाजवते.

हे पत्त्यांचा डाव मांडून बसतात. मी एकदा म्हटलं, संक्रांत होऊन गेली. म्हणाले, "हय माणसा मरतत आणि तुका झाडांचा पडला हा." खरंच आहे ते, माणसं मरतायत. पण दूध आणायला गेलेल्या त्या माणसासाठी रडताना माझ्या डोळ्यांपुढे आई पाण्याची कळशी घेऊन कोरड्या झरीवर उभी राहते, याला मी काय करू? एकाच छातीत दोन्ही दुःखं राहतात. ती काही रांग लावून येत नाहीत.

बोटी बंद आहेत म्हणे. असत्या तरी धक्क्यापर्यंत कोण जाणार?

२३ जानेवारी, सोमवार

आज निर्बंध सैल झाले. भाजी आणते सांगून मीनाक्षीबरोबर थेट पोस्टात गेले. तार करायची कल्पना तिचीच. तारबाबूने मजकूर इंग्रजीतच लिहून मागितला, तोही तिने लिहिला. राई तोडू नका, एवढंच.

"कुणाच्या नावाने?" तिने विचारलं. गावकऱ्यांच्या नावाने तार करायला मी कोण? मंडळाची नाही, गावची मानकरी नाही. आईच्या नावाने केली. तार घेऊन ती गावकऱ्यांपुढे उभी राहील. मीनाक्षी म्हणाली, "खेड्यात तार आली की लोक हादरतात. तेवढाच परिणाम होईल."

घरी येऊन भाजी चिरायला बसले. ह्यांना सांगितलं नाही. आज किती दिवसांनी पोटभर जेवले.

२६ जानेवारी, गुरुवार

झेंडावंदनाला यंदा कुणी फिरकलं नाही. कुठल्याशा गच्चीवर काळं निशाण लागलंय.

तार पोचली असणार. तालुक्याच्या पोस्टातून हेळवणला टपालवाला एका दिवसात येतो. आज दुपारभर तेच मनात चालवत बसले. आई तार घेऊन देवळाच्या पायरीवर उभी आहे आणि सगळे ऐकतायत. आमची आई चारचौघांत बोलायला लागली की भल्याभल्यांची बोबडी वळते.

संध्याकाळी रामजीभाऊ आले. पाटीचा नमुना कागदावर काढून आणला होता. ह्यांच्या नावात एक वेलांटी चुकली होती, ती ह्यांनी सुधारून दिली. मी मुकाट्याने चहा ठेवला. मनात म्हटलं, लावा पाटी, बघू कुठल्या देवळाला लावताय.

२९ जानेवारी, रविवार

आई आली.

मी पाट्यावर चटणी वाटत होते. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं तर ती. हातात बोचकं, केस सुटलेले, ओठ फुटलेले. आत आली आणि माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, आंधळ्या माणसाने चाचपावं तसं. मग म्हणाली, "जावय खय आसत?"

हे आतून दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर आले. ह्यांना बघितल्यावर ती खाली बसली आणि रडायला लागली. मी पाणी दिलं. ते पिऊन मग बोलली.

"तार इली गो. मुंबैत गोळये घालतत ह्या रोज ऐकतंय. पोस्टवालो बांधावरसून हाक मारूक लागलो, जाईबाई तार, तार. वाचतलो कोण? मास्तर तालुक्याक गेललो. माका वाटला, दोघांतला एक गेला. येताना सगळ्या वाटेर देवाक विचारतंय, चेडू गेला काय जावय गेलो, म्हणान."

आमच्याकडे तार येते ती मरणाचीच, हे पोस्टाच्या खिडकीशी उभी असताना मला आठवलं नाही. गेली कित्येक वर्षं कुणाची तार आली नाही म्हणून देवाला हात जोडणारी मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"चहा घे," मी म्हटलं.

"घेतंय. दोगाय जिती आसास, माका सगळा मिळाला." चहा पिताना तिचा चेहरा जरा निवळला. मग एखादी साधी गोष्ट सांगावी तसं म्हणाली, "मी राईत बसललंय, म्हणान पोस्टवाल्याक घराकडे गावलंय नाय."

"राईत कशाला?"

"लाकूडवाल्याचे माणूस इले कुऱ्हाडी घेवन. मी सुरंगीच्या बुडात जावन बसलंय. तेंका म्हटला, लोखंड बांधार ठेवा, मगे आत येवा. रोज येवचे, बगूचे नि परत जावचे. गावकार इले. म्हणाले, मुंबैकारांनी देवाक व्हय म्हटला हा, तुझ्या जावयान पण म्हटला हा, ऊठ. मी म्हटला, घाला माझ्या अंगार कुऱ्हाड. कोण घालतलो? भाकरी थयच खातंय. काळोख पडलो की घराक येतंय, झुंजूमुंजू झाला की परत." ती हसली. "कंटाळले ते. आणखी चार दिस बसलंय असतंय तर तो लाकूडवालो सोडूनच जातलो होतो."

"मग?"

"मगे तार इली."

ह्यांनी तोंडावरचा साबण पुसला आणि दूध आणतो म्हणून खाली गेले. आले ते रिकाम्या हाताने. मला गॅलरीत बोलावलं. आईला बंदरावर दोन दिवस बोटीची वाट बघत बसावं लागलं, तेवढ्यात दगडूही गावाहून येऊन त्याच बोटीत चढला. तो आता खाली भेटला. आई उठून गेली त्याच दुपारी बांध फोडून गाडी आत घातली. सुरंगी पहिल्याच दिवशी पाडली, कारण तिथेच म्हातारी परत येऊन बसेल अशी त्यांना भीती होती. झाड कळ्यांनी भरलेलं होतं. दगडूने हे आईला बोटीत सांगितलं नाही. त्याला वाटलं आम्ही मेलो असलो तर एका वेळी दोन दुःखं कशाला.

"आता काय करूचा?" हे म्हणाले. ह्यांचे डोळे भरले होते. ह्यांना मी कधी रडताना बघितलं नव्हतं. खूप राग यावा असं वाटत होतं, पण येईना. तार ह्यांनी नव्हती केली.

आत गेले तर आईने कनवटीतून तारेचा कागद काढून उलगडून ठेवला होता. घामाने तो मऊ झाला होता. "मरणाची नाय तर मगे कसली ही? वाच."

अक्षरं इंग्रजी होती, पण मजकूर मला पाठ होता. मी वाचली. राई तोडू नका.

"परत वाच."

परत वाचली.

तिने कागदावरून बोट फिरवलं. मग तिच्या तोंडावर असा आनंद आला, की मला तिच्याकडे बघवेना. "म्हणजे मी बसलंय होतंय ता बरोबर होता," ती म्हणाली. "तूच सांगललंस आणि मी आधीच करी होतंय."

तिने कप बाजूला सारला आणि बोचकं पुन्हा बांधायला घेतलं. परतीची बोट कधी म्हणून विचारलं. हे दारातच उभे होते, म्हणाले, मंगळवारी. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि माझ्याकडे वळली.

"तवसर राईक कोण हात लावचो नाय मां गो?"

मी म्हटलं, "नाय, आये."